पालेभाजीचा पहिला वाफा

घराभोवती हातभर मोकळी जागा मिळाली की तिथे काहीतरी पेरावे असे कोणालाही वाटते. आणि काय पेरावे, असे विचारले की दहांपैकी नऊ माणसे पालेभाजीचे नाव घेतात. मेथी मुठीने फेकावी, ती तिसऱ्या दिवशी उगवते. कोथिंबिरीला तर वेगळे बीही लागत नाही. स्वयंपाकघरातले धने चोळून टाकले की पुरे. माठ कोणी न लावताच उकिरड्यावर माजतो. वांगे, दोडका, टोमॅटो ही पुढच्या इयत्तेची विद्या. पालेभाजी म्हणजे धुळाक्षरे, असा एक सर्वसाधारण समज आहे. माझाही तोच होता. आज मी श्रोत्यांपुढे बोलावयास बसले आहे ती या विषयात यश मिळवले म्हणून नव्हे. लागोपाठ दोन वेळा फसगत झाली आणि त्या फसगतीची कारणे शोधताना जे कळले, ते आपल्यासारख्या नवशिक्यांच्या उपयोगी पडेल, एवढ्यासाठीच हे बोलणे.

आमचे बिऱ्हाड म्हैसूर शहराच्या हेब्बाळ भागात आहे. हेब्बाळ म्हटले की पुष्कळांना बेंगळूरचे हेब्बाळ आठवते. ते निराळे. त्या हेब्बाळात १८९९ साली म्हैसूरच्या महाराणींनी तीस एकर जमिनीवर शेतीचे प्रयोगक्षेत्र सुरू केले आणि पुढे तिथे कृषिविद्येची मोठी परंपरा उभी राहिली. आमच्या हेब्बाळाला तसला शेतीचा वारसा नाही. इथे कारखान्यांची वसाहत आहे, इन्फोसिसचे विस्तीर्ण आवार आहे, एक तळे आहे, आणि या सर्वांच्या आधाराने वाढलेल्या नव्या घरांच्या ओळी आहेत. नभोवाणीच्या श्रोत्यांना म्हैसूरची एक ओळख मात्र जवळची वाटेल. १९३५ साली प्राध्यापक गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी जे खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले, आणि ज्याला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले, ते याच शहरातले.

या घरी आम्ही राहावयास आलो, त्याच वर्षी माझ्या सासूबाई वाईकडचे घर बंद करून आमच्याकडे आल्या. कृष्णेच्या काठी पन्नास वर्षे त्यांची परसबाग होती. घरात भाजी विकत आणणे हे त्यांना कमीपणाचे वाटे. येताना त्यांनी ट्रंकेत जुन्या धोतराच्या फडक्यात चार पुरचुंड्या बांधून आणल्या होत्या: मेथी, चाकवत, शेपू आणि अंबाडी. नव्या गावी भाषा अनोळखी, शेजार अनोळखी. दिवसभर त्या खिडकीशी बसून राहत. घरामागे पंधरा फूट लांब आणि आठ फूट रुंद अशी जागा रिकामी होती. तिथे त्यांच्या हातची बाग उभी राहिली म्हणजे त्यांचे मन रमेल, असा आमचा साधा हिशेब.

तो हिशेब दसऱ्याला चुकला. वाईच्या बाजूला दसरा झाला की पाऊस सरला असे धरून चालतात. ऑक्टोबरचे ऊन तापू लागते, जमिनीत ओल टिकून असते, आणि शेतातल्या रब्बीबरोबर परसातही मेथी, चाकवत, शेपू पडतो. सासूबाईंनी आयुष्यभर हेच केले होते. त्याप्रमाणे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोन सपाट वाफे केले आणि बी पेरले. चौथ्या दिवशी मेथीची हिरवी रांग वर आली तेव्हा सासूबाई कित्येक दिवसांनी हसल्या. सहाव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले. त्यानंतर आठवडाभर रोज दुपार कलली की पाऊस. वाफ्यात पाणी तुंबले. मेथीची रोपे जमिनीलगत बारीक झाली आणि एकामागून एक आडवी पडली. चाकवताचे बी पाण्याबरोबर वाहून भिंतीच्या कडेला गेले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “माझ्या हाताला आता गुण राहिला नाही.” त्यानंतर कितीतरी दिवस त्या मागच्या दारी गेल्या नाहीत.

हाताच्या गुणाचा इथे काही संबंध नव्हता. संबंध होता तो आकाशाचा. पश्चिम महाराष्ट्राचा पाऊस मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. जून ते सप्टेंबर हा त्याचा काळ. म्हैसूर हे सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर वसले आहे. जून-जुलैत इथे वारा आणि भुरभूर असते. आपल्याकडे कोसळतो तसा पाऊस त्या दिवसांत सहसा नसतो. इथे पावसाचे दोन चढ आहेत. पहिला मे महिन्यात, मेघगर्जनेसह येणाऱ्या वळिवांचा. दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरात, मोसमी वारे माघारी फिरतात आणि बंगालच्या उपसागराकडून ओलावा येऊ लागतो तेव्हाचा. ऑक्टोबर हा येथील सर्वांत अधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक. म्हणजे ज्या महिन्याला आमचे पंचांग पाऊस संपल्याचा महिना म्हणत होते, तोच इथे भर पावसाचा निघाला. तिथी तीच, सण तोच, पण आकाश निराळे.

रोपे कोलमडली त्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. मातीत पिथियमसारखे काही बुरशीवजा सूक्ष्म जीव नेहमीच असतात. माती सतत ओली राहिली, रोपांची दाटी झाली आणि वारा खेळेनासा झाला की ते कोवळ्या खोडावर जमिनीच्या रेषेशीच हल्ला करतात. खोड तिथे सुतासारखे होते आणि वरचा भार न पेलून रोप पडते. एकदा पडलेले रोप उभे राहत नाही. त्यावर औषध शोधण्यात अर्थ नसतो. उपाय पेरणीपूर्वीच करावयाचा असतो. पावसाच्या दिवसांत सपाट वाफा करू नये, वीतभर उंचीचा गादीवाफा करावा, म्हणजे जादा पाणी बाजूच्या सरीत उतरते. बी विरळ पेरावे. एक चौरस मीटरला मेथीचे बी चहाचा एक लहान चमचाभर पुरते. आम्ही ओंजळभर पेरले होते. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे दिवसभरात वरचा थर सुकतो. संध्याकाळी दिलेल्या पाण्याने रात्रभर रोपांचे पाय ओले राहतात.

दुसरा प्रयत्न आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस केला. या वेळी पाऊस नव्हता. पण बी उगवले तेच मुळी तुरळक. जे उगवले ते पिवळे पडले. जी काही कोथिंबीर आणि मेथी तग धरून राहिली, तिला चार पाने फुटताच फुलोरा आला. या दुसऱ्या फसगतीमागे तीन कारणे होती: माती, बियांची खोली आणि ऊन.

प्रथम मातीचा विचार करू. कृष्णाकाठची माती काळी. ती अग्निजन्य काळ्या खडकापासून झालेली. पाणी धरून ठेवणारी, सुकली की भेगाळणारी. म्हैसूरची माती तांबडी, वालुकामय, ग्रॅनाइटासारख्या जुन्या खडकांपासून झालेली. ती पाणी लवकर सोडते, तिच्यात सेंद्रिय अंश आणि नत्र कमी असते, आणि पावसाच्या किंवा झारीच्या थेंबांनी तिच्या पृष्ठभागावर पापुद्रा धरतो. काळ्या मातीत दोन-तीन दिवसांआड पाणी देणाऱ्या हाताला इथे उन्हाळ्यात दररोज थोडे थोडे पाणी द्यावे लागते. कोवळ्या पालेभाजीची बरीचशी मुळे पहिल्या वीतभर मातीतच पसरलेली असतात. वरची वीत सुकली की तिचा जीव सुकला.

शिवाय नव्या वसाहतीतील अंगणाची माती ही बहुधा माती नसतेच. घर बांधताना उरलेले विटांचे तुकडे, चुन्या-सिमेंटचा राडा, पाया खणताना निघालेला मुरूम, या सर्वांवर टोपलीभर तांबडी माती पसरलेली असते. आम्ही खुरप्याने वरवर उकरले होते. पुढे कुदळीने हातभर खणले तेव्हा सिमेंटचे गोळे निघाले. चुना आणि सिमेंट यांमुळे माती अल्कधर्मी होते, आणि तशा मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. पानांचा पिवळेपणा वाचता आला असता तर हे आम्हांला खणण्यापूर्वीच कळले असते. खालची, जुनी पाने आधी सबंध पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे असे समजावे. कारण झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्यांना पुरवते. उलट शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे दिसले तर लोहाची उणीव. कारण लोह एका पानातून दुसऱ्या पानात सहजी जात नाही. आमच्या वाफ्यात दोन्ही खुणा होत्या.

यावर उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. हातभर खणून राडा वेचून काढावा. दर चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास पूर्ण कुजलेले शेणखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचे खत मिसळावे. ‘पूर्ण कुजलेले’ हे शब्द महत्त्वाचे. मुरलेले खत काळसर, भुसभुशीत असते आणि त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. कच्चे शेण किंवा वाळलेला पालापाचोळा मातीत पुरला तर तो कुजविणारे सूक्ष्म जीव मातीतलेच नत्र वापरतात, आणि महिन्याभरात तयार व्हावयाची भाजी तेवढा काळ उपाशी राहते. राख घालण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. ती पालाशासाठी चांगली. तथापि राखही अल्कधर्मी असल्याने चुन्याचा अंश असलेल्या मातीत हात आखडताच ठेवावा. वाढीच्या काळात शेंगदाण्याच्या पेंडीचे तीन-चार दिवस भिजवलेले पाणी भरपूर पातळ करून आठवड्यातून एकदा दिले, तर नत्राची गरज बऱ्याच अंशी भागते.

आता बियांची खोली. बी आपल्या जाडीच्या दोन-तीन पट खोल असावे, हा ढोबळ नियम. मेथीला तो अर्धा बोट होतो. माठ आणि चाकवत यांना तो जवळजवळ शून्य होतो. कारण माठाच्या एका ग्रॅम बियांत हजाराहून अधिक दाणे असतात. इतक्या लहान दाण्यात साठवलेले अन्न ते किती! बोटभर मातीखाली तो गाडला तर अंकुर उजेडापर्यंत पोचण्यापूर्वीच शिदोरी संपते. आम्ही सगळी बियाणी एकाच खोलीवर पेरली होती. बारीक बी चौपट-पाचपट कोरड्या वाळूत मिसळून ओळीत टाकावे, वर चाळलेल्या खताची केवळ धूळ भुरभुरावी, आणि अंकुर दिसेपर्यंत गवताचे किंवा गोणपाटाचे पातळ आच्छादन ठेवावे. अंकुर दिसला की त्याच दिवशी ते काढावे. धन्याच्या बाबतीत एक निराळीच गोष्ट आहे. आपण ज्याला एक धना म्हणतो तो दोन बियांचा जोड असतो. तो पोळपाटावर हलकेच रगडून फोडावा, रात्रभर भिजवावा आणि मग पेरावा. तरीही त्याला उगवावयास दहा-पंधरा दिवस लागतात. मेथीच्या वेळापत्रकाने कोथिंबिरीची वाट पाहणारा माणूस आठव्या दिवशी निराश होऊन वाफा उकरतो. आम्ही उकरला होता.

मुंग्यांचाही उपद्रव असतो. माठाचे बी त्या रातोरात वाहून नेतात. केरळाच्या बाजूचे बागकाम करणारे वाफ्याभोवती थोडा रवा टाकतात. मुंग्या रव्यात गुंततात आणि बी रुजावयास अवधी मिळतो. हा उपाय स्वस्त आहे आणि कोणाचा जीव घेणारा नाही.

तिसरे कारण उन्हाचे. मेथी, कोथिंबीर, पालक, चाकवत ही थंडीची मंडळी. ऊन वाढले, पाणी कमी पडले किंवा मुळांना जागा अपुरी झाली, की वनस्पतीला आपला काळ भरत आल्याची चाहूल लागते आणि ती पाने सोडून बीज धरण्याच्या मागे लागते. फुलोरा आला की पाने लहान, चरबट आणि कडू होतात. मग कितीही खत घाला, ती माघारी फिरत नाही. माठाची गोष्ट याच्या अगदी उलट. त्याची प्रकाशापासून अन्न तयार करण्याची पद्धत ज्वारी-मक्यासारखी, तीव्र ऊन आणि उष्णता यांचा उत्तम उपयोग करणारी आहे. ज्या मार्चात मेथी म्हातारी होते त्याच मार्चात माठ तरुण असतो. पालेभाजी हा आपण एक वर्ग मानतो. पण तो स्वयंपाकघरातला वर्ग आहे. बागेत या भाज्या एका कुळातल्याही नाहीत आणि एका ऋतूतल्याही नाहीत.

या सगळ्याचा विचार केल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. पालेभाजी सोपी वाटते ती तिचे आयुष्य थोडके म्हणून. आणि ती अवघड असते तीही त्याच कारणाने. वांग्याचे झाड आठवडाभर रुसले तर त्याला रुसवा काढावयास पुढे कित्येक महिने असतात. मेथीचे अवघे आयुष्य चार आठवड्यांचे. त्यातला एक आठवडा मुळे उपाशी राहिली, तर तिच्या आयुष्याचा चौथा हिस्सा गेला. फळभाजीत चूक सुधारता येते. पालेभाजीत चूक पेरणीपूर्वीच टाळावी लागते. म्हणूनच नवशिक्याची फजिती तिथे अधिक होते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. भाजी तर बाजारात मिळते. त्याचे एक उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांतून काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात एक प्रकारचा गंभीर पांडुरोग होत असे; त्याचे कारण शोधणे हे त्यांचे काम. त्या स्त्रियांच्या आहारात काहीतरी उणे आहे हे त्यांनी ओळखले, आणि यीस्टचा अर्क दिल्याने हा पांडुरोग बरा होतो हे १९३१ साली प्रसिद्ध केले. ते अज्ञात द्रव्य पुढे ज्या जीवनसत्त्वाच्या रूपाने ओळखले गेले, ते १९४१ साली अमेरिकेत कित्येक टन पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, आणि पानाला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव फोलिक आम्ल असे पडले. आजही हा प्रश्न मिटलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. पालेभाजी हे काही त्यावरचे एकमेव औषध नव्हे, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची जागा तिने घेऊ नये. पण ताजे पान रोज ताटात असणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. सासूबाईंचे रक्तही त्या वर्षी तपासणीत कमी भरले होते, आणि विकतच्या भाजीकडे त्या पाहतही नसत.

दुसरे कारण स्वच्छतेचे. शहरालगत सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाजीतून रोगजंतू येऊ शकतात, आणि कॅडमियम, शिसे यांसारखे धातू फळापेक्षा पानात अधिक साठतात. आपल्या घरच्या वाफ्यात कोणते पाणी गेले हे आपल्याला ठाऊक असते. अर्थात कारखान्यांजवळ किंवा वाहत्या रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांनी आपली मातीही एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावी, आणि पाने दोन-तीन पाण्यांनी धुवावी.

दोनदा हरल्यावर आम्हांला वाट दाखविली ती कुंपणाच्या भिंतीपलीकडून. शेजारच्या अज्जींना मराठी येत नव्हते आणि सासूबाईंना कानडी. मे महिन्यात वळवाचे पहिले दोन पाऊस होऊन गेल्यावर अज्जींनी भिंतीवरून एक हिरवा जुडगा पुढे केला आणि म्हणाल्या, “हरिवे सोप्पु.” सासूबाईंनी पान चुरगाळून पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, हा तर माठ!” तेथून त्यांची शिकवणी सुरू झाली. कानडीत पालेभाजीला सोप्पु म्हणतात. सब्बसिगे सोप्पु म्हणजे शेपू. मेंत्य सोप्पु म्हणजे मेथी. दंटु म्हणजे ज्याचे दांडेही खातात तो माठ. बसळे म्हणजे आपला मायाळू. नुग्गे म्हणजे शेवगा. त्याचा पाला तर वाफ्याचीही अपेक्षा करीत नाही. होनगोने नावाची ओलसर जागी पसरणारी एक भाजी सासूबाईंना अगदी नवी होती. त्यांनी तिचे नाव पाठ केले.

अज्जींच्या परसात मेमध्ये मेथी नव्हती. हरिवे, दंटु आणि बसळे होते. मेथी त्या कधी पेरतात असे आम्ही खुणांनी विचारले, तेव्हा त्यांनी आभाळाकडे हात करून तो आडवा फिरविला, मग दिवा लावल्याची खूण केली. पाऊस थांबल्यावर, कार्तिकातले दिवे लागतात तेव्हा. म्हणजे नोव्हेंबरचा उत्तरार्ध. हवामानाच्या आकड्यांतून मी पुढे जे शोधून काढले ते त्यांनी दोन हातवाऱ्यांत सांगितले होते.

त्यांच्याच घरी आम्ही बस्सारु खाल्ले. पालेभाजी आणि डाळ एकत्र शिजवून वरचे पाणी निथळून घेतात. त्या पाण्याला वाटणाची जोड देऊन सार होते, आणि खाली उरलेल्या भाजीला फोडणी देऊन कोरडी भाजी. सोबत नाचणीचे मुद्दे. फोलिक आम्ल पाण्यात विरघळणारे आहे आणि फार शिजविल्याने ते नाश पावते; पालेभाजी उकळून पाणी फेकून देणाऱ्या गृहिणी त्याचा मोठा वाटा मोरीत ओततात. म्हैसूरकडच्या या जुन्या रीतीत ते पाणी ताटात येते. त्यावर लिंबू पिळावे; कारण पानातले लोह शरीराला सहजी मिळत नाही, आणि लिंबातील क जीवनसत्त्वामुळे ते अधिक मिळते.

त्या पावसाळ्यात आम्ही एकच गादीवाफा केला, एक चौरस मीटरचा. त्यात माठ पेरला. दहाव्या दिवशी विरळणी करण्याची वेळ आली तेव्हा माझा हात अडखळला. इतक्या कष्टाने उगवलेली रोपे उपटावयाची कशी? नवशिक्याला ही दया नडते. दाटीतली शंभर रोपे मिळून जेवढी भाजी देतात त्याहून अधिक भाजी जागा मिळालेली तीस रोपे देतात. आणि उपटलेली रोपे वाया जात नाहीत. आमच्या बागेतली पहिली भाजी त्या विरळणीचीच झाली. जेमतेम एक वाटी. सासूबाईंनी ती लसणाची फोडणी देऊन केली आणि अर्धी अज्जींकडे पाठविली.

माठावर पुढे पानांच्या खालच्या बाजूस पांढरे फोड आले. हा पांढरा तांबेरा. रोगट पाने काढून टाकली आणि पानांवर पाणी शिंपडण्याऐवजी ते मुळाशी दिले, तेव्हा तो आटोक्यात आला. माठ मुळासकट न उपटता चार बोटे ठेवून कापला. त्याला पुन्हा फुटवे आले आणि तीनदा कापणी झाली. नोव्हेंबरच्या शेवटी मेथी आणि शेपू पेरला, आणि पुरचुंडीत चिमूटभर उरलेला चाकवतही. डिसेंबरच्या थंडीत मेथी हातभर जुडीला पुरेल अशी आली. चाकवताची आठच रोपे जगली. सासूबाईंनी त्यांतील पाचांची ताकातली भाजी केली आणि तीन बियांसाठी राखली.

तेव्हा पहिल्यांदाच पालेभाजी लावणाऱ्या श्रोत्यांना माझे सांगणे थोडे आहे. पहिल्या वर्षी सबंध अंगण खणू नका. एक चौरस मीटरचा वाफा करा आणि तो नीट करा. दिवसातून चार-पाच तास ऊन लागेल अशी जागा निवडा. एकाच दिवशी सगळे बी न संपवता दर दहा दिवसांनी एक ओळ पेरा, म्हणजे एखादा पाऊस किंवा एखादी चूक सगळे काही घेऊन जात नाही. आणि गावाहून आणलेले बी पेरण्यापूर्वी शेजारच्या परसात काय उगवले आहे ते पाहा. आपण राहतो त्या जागेचा ऋतू तिथे वाचावयास मिळतो.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर मराठी दिनदर्शिका असते. सासूबाईंना दुसरी चालत नाही. यंदा नवी दिनदर्शिका आली तेव्हा त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतले. ऑक्टोबरच्या पानावर, दसऱ्याच्या चौकोनात त्यांनी लिहिले, ‘पेरू नये, पाऊस आहे.’ नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लिहिले, ‘मेथी, चाकवत.’ आणि मेच्या पानावर, त्यांच्या जुन्या वळणदार अक्षरात, ‘हरिवे.’